सर जेम्स लँकेस्टर : ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीचा सेनापती

ईस्ट इंडिया कंपनीचे नाव घेताच भारतीय वाचकाच्या मनात प्लासीची लढाई, सुरत आणि मुंबईच्या वखारी आणि पुढील दीर्घ पारतंत्र्य यांची आठवण जागी होते. परंतु या कंपनीने समुद्रात सोडलेली पहिली जहाजे भारताच्या मुख्य भूमीकडे आलीच नव्हती. 1601 साली लंडनहून निघालेला हा लहानसा तांडा काळ्या मिरीच्या शोधात सुमात्रा आणि जावा बेटांकडे गेला. शिडांच्या त्या चार व्यापारी जहाजांचे नेतृत्व करणारा दर्यावर्दी म्हणजे सर जेम्स लँकेस्टर.

त्या काळी युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या जहाजावरील माणसांना शत्रूच्या तोफांपेक्षा आजाराचे भय अधिक असे. अनेक महिन्यांच्या सागरी प्रवासात दर पाच-सहा माणसांपैकी एक-दोघे मरणार, हे जहाजमालक आणि खलाशी दोघांनीही गृहीत धरलेले होते. लँकेस्टरने मात्र आपल्या जहाजावरील माणसे लिंबाच्या रसासारख्या साध्या उपायाने वाचवली. हा उपाय त्याला कोणत्याही ग्रंथाने शिकवला नव्हता. दहा वर्षांपूर्वीच्या एका भीषण सफरीत त्याने आपल्या सोबत्यांचे जे मृत्यू पाहिले होते, त्यांनीच त्याला सावध केले होते. त्याच्या आयुष्याची कहाणी ही म्हणूनच केवळ व्यापाराची किंवा साहसाची कहाणी राहत नाही.

पोर्तुगीजांमध्ये गेलेले तारुण्य

लँकेस्टरचा जन्म इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातील बेसिंगस्टोक या गावी 1554 च्या सुमारास झाला. तारुण्याची बरीच वर्षे त्याने पोर्तुगालमध्ये काढली. तेथे तो सैनिक म्हणूनही वावरला आणि व्यापारी म्हणूनही. पोर्तुगीज भाषा त्याला उत्तम अवगत झाली. वास्को द गामा 1498 साली कालिकतला पोहोचल्यापासून पूर्वेकडील सागरी मार्गावर पोर्तुगीजांची मक्तेदारी होती. गोवा, मलाक्का आणि होर्मुझ ही त्यांची मर्मस्थाने होती. या मार्गावरील वारे, बंदरे आणि मालाचे भाव यांची माहिती ते परक्यांच्या हाती सहसा पडू देत नसत. लिस्बनच्या धक्क्यावर उतरणारी मिरी, दालचिनी आणि भारतीय कापड पाहत वाढलेल्या या इंग्रज तरुणाला त्या संपत्तीची आणि तिच्या मार्गाची जाण आपल्या बहुतेक देशबांधवांच्या आधी आली.

1580 मध्ये स्पेनच्या राजाने पोर्तुगालचे सिंहासन ताब्यात घेतले. इंग्लंड आणि स्पेन यांच्यातील वैर वाढत गेले, तसे पोर्तुगालही इंग्रजांच्या दृष्टीने शत्रूचा मुलूख ठरले. लँकेस्टर मायदेशी परतला. 1588 मध्ये स्पेनचे प्रचंड आरमार इंग्लंडवर चालून आले, तेव्हा तो एडवर्ड बोनाव्हेंचर या तीनशे टनांच्या व्यापारी जहाजाचा कप्तान होता आणि सर फ्रान्सिस ड्रेकच्या हाताखाली लढला. इंग्लंडच्या त्या आरमारात राजसत्तेच्या जहाजांपेक्षा व्यापाऱ्यांची जहाजे संख्येने अधिक होती. शांततेच्या काळात माल वाहणारे आणि प्रसंग पडताच तोफा डागणारे जहाज ही त्या युगाची गरज होती. पुढे पूर्वेच्या व्यापारात उतरलेली इंग्रजी जहाजेही याच परंपरेतील होती.

1591 ची भीषण सफर

एप्रिल 1591 मध्ये पेनेलोपी, मर्चंट रॉयल आणि एडवर्ड बोनाव्हेंचर अशी तीन जहाजे प्लिमथ बंदरातून पूर्वेकडे निघाली. मोहिमेचा प्रमुख जॉर्ज रेमंड पेनेलोपीवर होता आणि एडवर्ड बोनाव्हेंचर लँकेस्टरच्या हाती होते. मोहिमेचा हेतू शुद्ध व्यापाराचा नव्हता. हिंदी महासागरातील पोर्तुगीज जहाजे लुटणे हाच तिचा मुख्य उद्देश होता.

विषुववृत्ताजवळ वारा पडला आणि जहाजे दिवसेंदिवस रखडली. खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे यांवर जगणाऱ्या खलाशांमध्ये स्कर्व्हीने थैमान घातले. हिरड्या सुजणे, दात हलणे, अंगावर काळे-निळे डाग पडणे, भरून आलेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडणे आणि अखेर हृदय बंद पडणे, अशी या रोगाची लक्षणे असतात. ऑगस्टमध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील टेबल बे येथे जहाजे पोहोचली, तेव्हा धडधाकट माणसे इतकी कमी उरली होती की तीन जहाजे चालवणे अशक्य झाले. सुमारे पन्नास आजारी माणसांना मर्चंट रॉयलवर चढवून ते जहाज परत पाठवण्यात आले. पेनेलोपीवर 101 आणि एडवर्डवर 97 माणसे पुढे निघाली.

थोड्याच दिवसांत एका वादळात पेनेलोपी सर्व माणसांसह नाहीशी झाली. त्यानंतर चारच दिवसांनी एडवर्डवर वीज कोसळली. चार जण जागीच ठार झाले आणि इतर अनेकांना कमी-अधिक इजा झाली. कोमोरो बेटांवर पाणी भरण्यासाठी उतरलेल्या तीसहून अधिक माणसांना तेथील रहिवाशांनी ठार केले. झांझिबारला काही महिने थांबून लँकेस्टरने मे 1592 मध्ये भारताच्या दक्षिण टोकाला, कन्याकुमारीला वळसा घातला आणि जूनमध्ये मलायाच्या किनाऱ्यावरील पेनांग बेट गाठले. तेथे आणखी माणसे दगावली. जहाजावर अवघे तेहतीस पुरुष आणि एक मुलगा उरला. त्यांतही काम करण्याजोगे बावीसच होते.

एवढ्या मनुष्यबळानिशी त्याने मलाक्काच्या सामुद्रधुनीत पोर्तुगीज जहाजांना लुटण्यास प्रारंभ केला. त्यांपैकी सातशे टनांचे एक मोठे जहाज गोव्याहून आले होते. लुटीचा माल मिळाला, पण लँकेस्टर स्वतः मरणपंथाला लागला होता. डिसेंबर 1592 मध्ये श्रीलंकेच्या गॅल बंदराजवळ खलाशांनी पुढे जाण्यास साफ नकार दिला. कप्तानाला त्यांच्यापुढे नमते घ्यावे लागले आणि जहाज मायदेशी वळले.

एप्रिल 1593 मध्ये अटलांटिकमधील सेंट हेलेना या निर्जन बेटावर त्यांना जॉन सेगर नावाचा एक इंग्रज भेटला. मर्चंट रॉयल परत जाताना, तेथील हवेत तरी तो बरा होईल या आशेने आजारी सेगरला बेटावर उतरवले होते. एक वर्षाहून अधिक काळ तो तेथे एकटा राहिला होता. त्याची प्रकृती सुधारली होती, पण एकांताने मन खचले होते. देशबांधव भेटल्याच्या आनंदाने त्याची झोपच उडाली आणि काही दिवसांतच त्याचा अंत झाला. याच बेटावर पोर्तुगीजांनी येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांसाठी अंजीर, संत्री आणि लिंबू यांची झाडे लावून ठेवली होती. ताजी फळे आणि ताजे मांस मिळाले की समुद्रावर मरणाला टेकलेली माणसे थोड्याच दिवसांत उठून बसतात, हे अनुभवी दर्यावर्दींच्या नजरेतून सुटणारे नव्हते.

संकटे अजून संपली नव्हती. अन्नाच्या शोधात जहाज वेस्ट इंडिजकडे भरकटले. मोना बेटावर लँकेस्टर आणि त्याचे सोबती किनाऱ्यावर उतरले असताना जहाजावरील सुताराने नांगराचा दोर तोडला आणि उरलेल्या मूठभर माणसांसह ते जहाज समुद्रात निघून गेले. रानभाजी आणि भोपळे यांवर जवळजवळ महिनाभर गुजराण केल्यानंतर फ्रेंच जहाजांनी त्यांची सुटका केली. मे 1594 मध्ये लँकेस्टर इंग्लंडला परतला. निघताना असलेल्या माणसांपैकी जेमतेम पंचवीस जणांनी पुन्हा मायदेश पाहिला.

त्याच वर्षी तो पुन्हा समुद्रावर गेला. 1595 च्या वसंतात त्याने ब्राझीलमधील पोर्तुगीजांचे रेसिफे बंदर जिंकले आणि महिनाभर ताब्यात ठेवले. तेथील कोठारांत भारताहून निघालेल्या एका फुटलेल्या पोर्तुगीज जहाजाचा माल होता. मिरी, लवंगा आणि कापड यांनी भरलेली गलबते घेऊन तो परतला. या धाडीने लंडनच्या व्यापाऱ्यांमध्ये त्याचे नाव झाले.

कंपनीची स्थापना

दरम्यान डच व्यापारी थेट जावापर्यंत पोहोचले होते. 1599 मध्ये त्यांची चार जहाजे मसाल्यांनी भरून ॲमस्टरडॅमला परत आली. त्यांचा नफा पाहून लंडनचे व्यापारी अस्वस्थ झाले. सप्टेंबर 1599 मध्ये त्यांनी बैठक घेऊन वर्गणी जमवली. 31 डिसेंबर 1600 रोजी एलिझाबेथ राणीने त्यांना पूर्वेकडील व्यापाराचा पंधरा वर्षांचा मक्ता देणारी सनद दिली आणि ईस्ट इंडिया कंपनी अस्तित्वात आली. पहिल्या सफरीसाठी 68,373 पौंडांचे भांडवल उभे राहिले. या मोहिमेचे नेतृत्व कोणाकडे द्यावे, हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. हा मार्ग स्वतः पार केलेला, पोर्तुगीज भाषा जाणणारा आणि व्यापार समजणारा इंग्रज म्हणजे लँकेस्टरच होता.

मुख्य जहाज म्हणून कंबरलंडच्या सरदाराचे सहाशे टनांचे एक लढाऊ जहाज 3,700 पौंडांना विकत घेण्यात आले. शत्रूची जहाजे लुटण्यासाठीच बांधलेल्या या जहाजाचे नाव बदलून रेड ड्रॅगन असे ठेवले गेले. त्याच्या जोडीला हेक्टर, असेन्शन आणि सुझन ही दोनशे चाळीस ते तीनशे टनांची जहाजे आणि रसद वाहणारे एक लहान गलबत होते. चार जहाजांवर मिळून सुमारे 480 माणसे होती. त्यांच्यासाठी अनेक महिन्यांचे अन्नपाणी, दुरुस्तीसाठी लाकूड, दोर आणि शिडांचे कापड, तोफा आणि दारूगोळा, शिवाय परतीच्या मालासाठी मोकळी जागा, हे सारे जहाजाच्या पोटात बसवावे लागे. विकण्यासाठी इंग्रजांकडे प्रामुख्याने लोकरी कापड, लोखंड आणि शिसे होते. उष्ण प्रदेशात लोकरीला गिऱ्हाईक मिळणार नाही याची जाणीव असल्याने स्पॅनिश चांदीची नाणी मोठ्या प्रमाणात सोबत घेतली होती. पूर्वेकडील राजांसाठी राणीने पत्रेही दिली होती. कोणता राजा भेटेल हे ठाऊक नसल्यामुळे त्यांत नावाची जागा कोरी ठेवली होती.

लिंबाच्या रसाची मात्रा

फेब्रुवारी 1601 मध्ये जहाजे टेम्स नदीतून निघाली, परंतु प्रतिकूल वाऱ्यामुळे इंग्लंडचा किनारा सोडण्यास एप्रिल उजाडला. वाटेत एक पोर्तुगीज जहाज पकडून त्यातील मद्य, तेल आणि पीठ काढून घेतले गेले. त्यानंतर विषुववृत्ताजवळ दहा वर्षांपूर्वीचाच अनुभव पुन्हा आला. वारा पडला, आठवडे उलटत गेले आणि ऑगस्टपर्यंत तीन जहाजांवर स्कर्व्हीने माणसे अंथरुणाला खिळली. शिडे ओढण्यास हात उरले नाहीत. काही जहाजांवर मालाचा हिशेब ठेवणारे व्यापारी पाळीपाळीने सुकाणू धरू लागले आणि डोलकाठीवर चढून शिडे आवरू लागले.

रेड ड्रॅगनवर मात्र चित्र वेगळे होते. लँकेस्टरने निघतानाच लिंबाच्या रसाच्या बाटल्या सोबत घेतल्या होत्या. रस टिकेल तोवर तो प्रत्येक माणसाला रोज सकाळी तीन चमचे रस देत असे आणि त्यानंतर दुपारपर्यंत काही खाऊ देत नसे. खारवलेले मांसही शक्य तितके टाळले जाई. परिणामी या जहाजावर माणसे सर्वांत अधिक असूनही आजारी मात्र थोडेच होते. 9 सप्टेंबर 1601 रोजी टेबल बे गाठल्यावर रेड ड्रॅगनच्या खलाशांना इतर तीन जहाजांवर जाऊन त्यांचे नांगर टाकावे लागले आणि होड्या पाण्यात उतरवाव्या लागल्या. तोपर्यंत तांड्यातील शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती.

किनाऱ्यावर शिडांचे तंबू उभारून रुग्णांना उतरवण्यात आले. तेथील खोईखोई पशुपालकांशी बोलण्यास सामाईक भाषा नव्हती. तेव्हा लँकेस्टरने गाय आणि मेंढी यांच्या हंबरण्याचा आवाज काढून आपली गरज समजावून सांगितली. लोखंडाच्या लहान तुकड्यांच्या बदल्यात हजारभर मेंढ्या आणि चाळीसहून अधिक बैल मिळाले. आपल्या माणसांनी रहिवाशांशी आगळीक करू नये, याची त्याने दक्षता घेतली. कोमोरो बेटांवरील कत्तलीची आठवण ताजी असलेल्या कप्तानाची ही सावधगिरी होती. सात आठवड्यांच्या विश्रांतीने बहुतेक रुग्ण बरे झाले.

मादागास्करच्या अँटोंगिल उपसागरात डिसेंबर 1601 पासून पुढील मार्चपर्यंत मुक्काम पडला. लिंबे आणि संत्री तेथेही मिळाली, परंतु यावेळी अतिसाराने बळी घेतले. रेड ड्रॅगनवरील धर्मोपदेशक आणि वैद्य दोघेही गेले. एका अधिकाऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी मानवंदनेसाठी उडवलेल्या तोफांत चुकून गोळे राहिले होते. ते लागून असेन्शनचा कप्तान आणि आणखी एक माणूस जागीच ठार झाला. अंत्ययात्रेस निघालेल्यांनाच मृत्यूने गाठले.

आचेचा दरबार आणि भारतीय कापड

मे 1602 मध्ये निकोबार बेटांवर थांबून, 5 जून रोजी तांडा सुमात्राच्या उत्तर टोकावरील आचे बंदरात दाखल झाला. इंग्रजांनी तेथे जे पाहिले ते त्यांच्या डोळ्यांत अंजन घालणारे होते. बंदरात सोळा-अठरा जहाजे आधीच नांगरलेली होती. त्यांत गुजराती होती, बंगालची होती, मलबारची होती आणि पेगूचीही होती. पूर्वेचा व्यापार युरोपीय येण्यापूर्वीपासून भरभराटीस आलेला होता आणि त्यात हे पाहुणे सर्वांत उशिरा पोहोचले होते.

सुलतान अलाउद्दीन रियायत शाहने लँकेस्टरचे सन्मानाने स्वागत केले. राणीचे पत्र हत्तीवरून मिरवत दरबारात नेण्यात आले. सोन्याच्या ताटांतून मेजवानी झाली. तांदळाची कडक दारू पाण्यात मिसळून घेण्याची परवानगी लँकेस्टरने मागून घेतली. इंग्रजांना जकात न देता व्यापार करण्याची सवलत मिळाली. पोर्तुगीजांचा वकीलही त्याच दरबारात होता. लँकेस्टर शिकारीला निघाल्याची वार्ता मलाक्काला पोहोचू नये म्हणून सुलतानाने त्या वकिलाला काही काळ अडकवून ठेवले. निरोपाच्या वेळी सुलतानाने आपल्या दरबाऱ्यांसह स्वतः आपल्या भाषेत स्तोत्र म्हटले आणि त्यानंतर इंग्रजांना त्यांचे स्तोत्र गाण्यास सांगितले.

एवढा सन्मान होऊनही मुख्य अडचण सुटली नव्हती. आचेत मिरी अपेक्षेपेक्षा महाग होती आणि पुरेशीही नव्हती. रिकाम्या जहाजांनिशी परतण्याची पाळी येणार असे दिसू लागले. तेव्हा लँकेस्टर पुन्हा आपल्या जुन्या मार्गाकडे वळला. ऑक्टोबर 1602 मध्ये डचांच्या साहाय्याने त्याने मलाक्काच्या सामुद्रधुनीत एक मोठे पोर्तुगीज जहाज पकडले. ते आजच्या चेन्नईचा भाग असलेल्या सॅन थोमे येथून निघाले होते आणि कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेल्या, रंगवलेल्या कापडाच्या सुमारे 950 गाठी त्यात होत्या. तो माल उतरवण्यास अनेक दिवस लागले.

या लुटीने सफर तारली. लोकरीकडे ढुंकूनही न पाहणारे जावा आणि सुमात्राचे व्यापारी भारतीय कापडाच्या बदल्यात मिरी देण्यास आनंदाने तयार होते. डिसेंबरमध्ये लँकेस्टर जावाच्या बांटम बंदरात पोहोचला, त्यावेळी त्याच्यापाशी खऱ्या अर्थाने चालणारे चलन होते. तेथील बालराजाच्या दरबाराची परवानगी घेऊन त्याने काही गुमास्ते मागे ठेवले. पूर्वेकडील इंग्रजांची ही पहिली वखार ठरली. हेक्टरचा कप्तान आणि मोहिमेतील दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी जॉन मिडलटन याचे तेथेच निधन झाले.

या घटनेतून कंपनीने घेतलेला बोध भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मसाल्याच्या बेटांतील माल हवा असेल तर आधी भारताचे कापड हाती हवे, हे तिला उमगले. लूट दरवेळी मिळणार नव्हती, म्हणून ते कापड जेथे विणले जाते तेथेच जाणे भाग होते. कंपनीच्या तिसऱ्या सफरीत हेच हेक्टर जहाज विल्यम हॉकिन्सला घेऊन ऑगस्ट 1608 मध्ये सुरतेला आले. 1612 मध्ये सुरतेजवळील सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना परतवून लावले, त्या लढतीतील मुख्य जहाज रेड ड्रॅगन हेच होते.

परतीचा प्रवास

असेन्शन आणि सुझन यांना पुढे पाठवून लँकेस्टर फेब्रुवारी 1603 मध्ये रेड ड्रॅगन आणि हेक्टरसह बांटमहून निघाला. आफ्रिकेच्या दक्षिणेला भयंकर वादळाने त्यांना गाठले. मे महिन्यात रेड ड्रॅगनचे सुकाणू तुटून समुद्रात गेले. जहाज लाटांवर दिशाहीन फिरू लागले, थंडी आणि गारांचा मारा सुरू झाला. मागची डोलकाठी कापून तिचे तात्पुरते सुकाणू करण्याचा प्रयत्न झाला, पण समुद्रापुढे तो टिकेना. खलाशांनी जहाज सोडून हेक्टरवर जाण्याची इच्छा दर्शवली.

लँकेस्टरने ती मान्य केली नाही. त्याने कंपनीच्या नावे पत्र लिहून हेक्टरवर पाठवले आणि त्या जहाजाने आपल्यासाठी न थांबता इंग्लंड गाठावे, अशी आज्ञा दिली. दोन जहाजे गमावण्यापेक्षा एक तरी सुखरूप पोहोचावे, हा त्यामागील विचार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो हेक्टर दूर अंतरावर तसेच उभे होते. त्याच्या कप्तानाने आज्ञा मोडली होती. हवा निवळल्यावर हेक्टरवरील उत्तम पोहणारे खलाशी मदतीस आले आणि नवे सुकाणू बसवण्यात आले. या आज्ञाभंगाबद्दल कोणाला शिक्षा झाल्याची नोंद इतिहासात नाही. जूनमध्ये दोन्ही जहाजे सेंट हेलेनाला पोहोचली आणि 11 सप्टेंबर 1603 रोजी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली.

चारही जहाजे परत आली होती. त्यांनी मिळून सुमारे साडेचार लाख किलो मिरी आणली होती. परंतु निघालेल्या माणसांपैकी जवळजवळ दर पाचांतील दोघे परत आले नव्हते. ज्या राणीने सनद दिली ती मार्चमध्येच निवर्तली होती. लंडनमध्ये प्लेगने हजारो बळी घेतले होते आणि बाजार ओस पडले होते. नव्या राजाकडे स्वतःचा मिरीचा साठा होता आणि तो आधी विकला जावा, असा त्याचा आग्रह होता. भागधारकांना नफ्याऐवजी मिरीची पोती घरी न्यावी लागली. पहिल्या दोन सफरींचा एकत्रित हिशेब पूर्ण झाला, तेव्हा मात्र सुमारे 95 टक्के नफा झाल्याचे दिसून आले. ऑक्टोबर 1603 मध्ये राजा पहिला जेम्स याने लँकेस्टरला सर हा किताब दिला.

अखेरची वर्षे आणि विस्मृतीत गेलेला धडा

यानंतर लँकेस्टर पुन्हा पूर्वेकडे गेला नाही. कंपनीच्या संचालक मंडळात राहून त्याने पुढील सफरींच्या आखणीत भाग घेतला. उत्तर ध्रुवाकडून पूर्वेला जाणारा जवळचा मार्ग शोधण्याच्या मोहिमांनाही त्याने पाठबळ दिले. त्याच्या सन्मानार्थ विल्यम बॅफिन या दर्यावर्दीने 1616 साली कॅनडाच्या उत्तरेकडील एका सामुद्रधुनीला लँकेस्टर साउंड हे नाव दिले. ती सामुद्रधुनी म्हणजे त्या बहुप्रतीक्षित मार्गाचे प्रवेशद्वार होय, हे दोनशे वर्षांनंतर सिद्ध झाले. लँकेस्टर अविवाहित राहिला. 1618 साली त्याचे निधन झाले. आपल्या संपत्तीचा मोठा वाटा त्याने जन्मगावातील गरिबांसाठी आणि शिक्षणासाठी ठेवला. त्याचे आवडते जहाज रेड ड्रॅगन पुढच्याच वर्षी सुमात्राच्या किनाऱ्यावर डचांच्या हाती पडले.

लिंबाच्या रसाचा उपाय मात्र त्याच्याबरोबरच मागे पडत गेला. 1604 मध्ये तीच चार जहाजे दुसऱ्या सफरीवर निघाली, तेव्हा त्यांच्यावरील खलाशी पुन्हा स्कर्व्हीने आजारी पडले. कंपनीचा शल्यवैद्य जॉन वुडॉल याने 1617 च्या आपल्या ग्रंथात लिंबाच्या रसाची शिफारस केली, पण ती शिस्त म्हणून रुजली नाही. रस महाग होता, लांबच्या प्रवासात तो टिकवणे अवघड होते आणि रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी दूषित हवेला दोष देत असे, कोणी आळसाला. शिवाय मेलेल्या खलाशाच्या जागी दुसरा सहज मिळत असे. 1747 मध्ये जेम्स लिंड या वैद्याने बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपचार करून संत्री आणि लिंबू यांचा गुण दाखवून दिला. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस नियमितपणे देण्याचा निर्णय घेण्यास त्यानंतरही 1795 साल उजाडले. या फळांतील क जीवनसत्त्व वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले ते विसाव्या शतकात. लँकेस्टरच्या तीन चमच्यांपासून आरमाराच्या आदेशापर्यंत जवळजवळ दोनशे वर्षे गेली आणि तेवढ्या काळात अगणित खलाशी समुद्राच्या तळाशी गेले.

लँकेस्टरला निव्वळ थोर पुरुष म्हणून गौरवणे योग्य होणार नाही. त्याची पहिली सफर चाचेगिरीची होती आणि दुसरी सफर तगली ती भारतीय विणकरांच्या मालाने, तोही पोर्तुगीजांकडून हिसकावलेला होता. त्याने उघडलेल्या वाटेने पुढे आलेल्या कंपनीने याच विणकरांच्या देशावर राज्य केले. असे असले तरी, माणसांचे मरण हा व्यापाराचा अटळ खर्च मानला जात असलेल्या काळात या कप्तानाने ते टाळण्याचा उपाय शोधून आपल्या जहाजावर कसोशीने अमलात आणला, ही गोष्ट नाकारता येत नाही. कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांत मिरीच्या प्रत्येक पोत्याची नोंद झाली. त्या बाटल्यांमुळे जे खलाशी पुन्हा घरी परतले, त्यांची नावे मात्र बहुतांशी अज्ञातच राहिली आहेत.